'डव्ह'चं मराठी करताना होला, पारवा की कबूतर?

भाषांतरात इंग्रजी 'डव्ह' आला की आपण सरळ कबूतर लिहून मोकळे होतो, पण आधी बघा की बोलणं पक्ष्याबद्दल चाललंय की चिन्हाबद्दल.

पक्षी असेल तर होला लिहा. मानेवर काळ्या पट्ट्यात पांढरे ठिपके, अंग गुलाबीसर तपकिरी, तो ठिपकेवाला होला. खिडकीच्या ग्रिलमध्ये घाण करणारा राखाडी तो पारवा, मानेवर हिरवी-जांभळी झाक असते बघा, आणि साडीचा पारवा रंग म्हणतो ना आपण, तो ह्याच्यावरूनच. शब्द संस्कृत 'पारावत'मधून आलाय, कबूतर मात्र फारसी. शास्त्रात डव्ह आणि पिजन असा पक्का भेद नाहीच, एकच कुळ, त्यामुळे फार डोकं खपवू नका.

शांततेचं चिन्ह असेल तर पांढरं कबूतरच ठेवा, होला लिहिलात तर कुणाला काही कळणार नाही 😄 बायबलमधल्या नोहाच्या गोष्टीत पूर ओसरल्यावर ऑलिव्हचं पान आणणारा हाच, आणि १९४९ ला पॅरिसच्या शांतता परिषदेच्या पोस्टरवर पिकासोचं चित्र आलं ते पण ह्याचंच. पण हा अर्थ आपल्या जुन्या ग्रंथांवर लादू नका, ऋग्वेदात (१०.१६५) कपोत (म्हणजे कबूतरच) चक्क विनाशाची देवता निर्ऋती हिचा दूत आहे, म्हणजे अशुभ. 'वाड्यात पारवे घुमतायत' म्हटलं की आपल्यालाही ओसाड वाडाच दिसतो की.

राजकारणातला 'डव्ह' असेल तर पक्षी विसरा, सरळ मवाळ लिहा.