एक किलोमीटरचा बाजार: मुंबईत छोट्या धंद्याची जाहिरात कशी करावी

पोळी-भाजी केंद्र, ब्लाउज शिवणारं दुकान, मोबाइल दुरुस्ती, शिकवणी, घरगुती केक. या धंद्यांचं गिऱ्हाईक बोरिवलीहून कुलाब्याला येत नाही. ते स्टेशन ते घर या वाटेवर असतं, नाहीतर आजूबाजूच्या आठ-दहा सोसायट्यांत. तरीही हातात पाच-दहा हजार मोकळे झाले की मालक आधी इन्स्टाग्रामवर पोस्ट बूस्ट करतो, म्हणजे पैसे भरून ती जास्त लोकांना दाखवतो, आणि लाइक येतात विरारहून आणि नागपूरहून. त्या लाइकवाल्यांपैकी कुणी भांडुपला पोळ्या न्यायला येणार नाही.

म्हणून इथला क्रम उलटा आहे: जवळचं आणि फुकटचं आधी, पैसे मोजून घेतलेलं शेवटी. उदाहरणापुरतं भांडुप पश्चिमेला स्टेशनजवळ एक पोळी-भाजी केंद्र आहे असं धरू. तुमचा धंदा वेगळा असेल तर पोळीच्या जागी आपला माल घाला.

पायरी पहिली: दोन आठवडे वही भरा

गल्ल्याशेजारी एक वही ठेवा. नवीन चेहरा आला की एकच प्रश्न: ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ उत्तर जसंच्या तसं उतरवा. ‘जाता-येता पाटी दिसली’, ‘चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं’, ‘गूगलवर शोधलं’, ‘पेपरात कागद आला होता.’ प्रश्न पिशवी हातात देताना विचारा. पार्सल बांधायच्या आधी गप्पा सुरू केल्या तर रांगेतली माणसं चुळबुळतात. मदतनीस मुलगा काउंटरवर असेल तर त्यालाही सवय लावा, नाहीतर वहीत फक्त तुमच्या पाळीची गिऱ्हाइकं दिसतील.

त्याच वहीच्या मागच्या पानावर एक हिशेब मांडा. समजा एक गिऱ्हाईक आठवड्यातून तीनदा येतं आणि दर खेपेला १२० रुपयांचं नेतं. महिन्याला साधारण दीड हजार झाले. पीठ, तेल, गॅस, मजुरी, भाडं असा सगळा पडता काढून त्यातले २५ टक्के उरत असतील, तर एका गिऱ्हाइकामागे महिन्याला सुमारे ३७५ रुपये सुटतात. आता समजा तुम्ही पत्रकं छापून वाटण्यावर ३,००० रुपये घातले आणि चार नवी माणसं टिकली. एकेक माणूस ७५० रुपयांना पडला. ती चार महिने येत राहिली तर सौदा चांगला, महिन्याभरात गेली तर तोटा. माझ्या मते एवढा हिशेब मांडल्याशिवाय जाहिरातीवर एक रुपयाही घालू नये. आपल्याकडे माल तोलून-मापून घेणारा दुकानदारही जाहिरातवाल्यापुढे भाव विचारायला कचरतो.

वहीतून आणखी एक गोष्ट कळते, आणि ती बहुतेकांना अनपेक्षित असते: नवी माणसं आणणारी माणसं मोजकी असतात. एकाच इमारतीतून सहा जण आले असतील तर तिथे कुणीतरी तुमचं नाव घेतंय. ते कोण हे शोधा आणि पुढच्या वेळी त्यांच्या पिशवीत दोन पुरणपोळ्या जास्तीच्या घाला. टक्केवारीचं आमिष दाखवू नका. शेजारीण शेजारणीला पैशासाठी सांगत नाही, आणि पैसे मिळतात हे कळलं की तिच्या शब्दाची किंमत उतरते.

पायरी दुसरी: पाटी गिऱ्हाइकाच्या बाजूने वाचा

संध्याकाळी सात-साडेसातला स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या गर्दीबरोबर स्वतः चालत दुकानापर्यंत या. सकाळी नको. सकाळी ८.१२ची लोकल गाठायला निघालेला माणूस कुठल्याच पाटीकडे बघत नाही. परतताना तोच माणूस रेंगाळतो, कारण घरी काय शिजवायचं हा प्रश्न त्याच्यापुढे तेव्हाच उभा असतो. चालताना बघा, पाटी किती पावलांवरून दिसते? शेजारच्या दुकानाची ताडपत्री, रिक्षांची रांग, लोंबणारी केबल मध्ये येते का? बऱ्याच पाट्या समोरच्या फुटपाथवरून झकास दिसतात, पण गिऱ्हाईक येतं बाजूने.

मजकुराबाबत माझं मत कडक आहे. ‘श्री अमुक एंटरप्रायझेस’ या नावातून काहीच कळत नाही. मोठ्या अक्षरांत ‘गरम पोळ्या, भाजी, आमटी’ आणि खाली ‘संध्या. ६ ते ९.३०’ असं हवं. मालकाचं नाव, देवाचं नाव, चार मोबाइल क्रमांक हे सगळं त्याखाली बारीक चालेल. आजची भाजी कोणती हे खडूने फळ्यावर लिहून दारात ठेवा. रोज बदलणाऱ्या फळ्याकडे रोजचा माणूसही वळून बघतो.

मराठी पाटी हा कायद्याचाही विषय आहे. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीत मराठी नाव लावावं लागतं, आणि ती अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. दिव्यांची पाटी लावणार असाल तर आधी महापालिकेच्या विभाग कार्यालयात परवान्याचं विचारून घ्या. विजेच्या खांबांवर, भिंतींवर पत्रकं चिकटवण्याच्या भानगडीत पडूच नका. मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्धचा १९९५चा कायदा त्याला लागू होतो, आणि पत्रकावर तुमचाच फोन नंबर असतो.

पायरी तिसरी: गूगलच्या नकाशावर या

‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ फुकट आहे. ‘गूगलमधून बोलतोय, नोंदणीचे अमुक हजार भरा’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. नोंदणीनंतर पडताळणीसाठी बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात. तो एका दमात काढा: रस्ता, शेजारचं दुकान, तुमची पाटी, मग कुलूप उघडून आत ओटा आणि भांडी. दुकान तिथेच आहे आणि ते तुम्हीच चालवता, एवढं त्यातून दिसलं पाहिजे.

पिन नीट टाकणं हे मुंबईत निम्मं काम आहे. पूर्वेचं दुकान पश्चिमेला दिसलं तर माणूस रुळांच्या पलीकडे उतरतो आणि परत येत नाही. पत्त्यात ‘अमुक बँकेसमोर’, ‘तमुक शाळेच्या गल्लीत’ अशी खूण घाला, आपण पत्ता तसाच सांगतो. नाव मात्र पाटीवर आहे तेच ठेवा. नावात ‘भांडुपमधील सर्वोत्तम पोळी-भाजी’ असं कोंबणं गूगलच्या नियमात बसत नाही, त्यावरून प्रोफाइल बंदही होतं. घरातून केक किंवा मसाले विकणाऱ्या बायकांसाठी वेगळी सोय आहे. घराचा पत्ता लपवून फक्त ‘या भागात सेवा देतो’ एवढं दाखवता येतं, ते जरूर करा.

गणपती, दिवाळी, गावची जत्रा, जेव्हा बंद असाल तेव्हा सुट्टी नोंदवा. ‘ओपन’ बघून आलेल्या माणसाला शटर दिसलं की तो तिथल्या तिथे एक स्टार देतो. अभिप्राय खूश माणसाकडे, खूश असतानाच मागा. प्रोफाइलमधून अभिप्रायाची लिंक मिळते, तिचा क्यूआर छापून काउंटरवर ठेवा. अभिप्रायाच्या बदल्यात सूट देणं नियमाबाहेर आहे. भाच्यापुतण्यांकडून एकाच रात्री दहा अभिप्राय लिहून घेतले तर वाचणाऱ्यालाही कळतं. वाईट अभिप्रायाला दोन ओळींत उत्तर द्या, भांडू नका. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढे वाचणाऱ्यांसाठी असतं.

पायरी चौथी: व्हॉट्सॲप, पण बेताने

धंद्यासाठी वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. कॅटलॉग, दुकान बंद असतानाचं आपोआप जाणारं उत्तर, गिऱ्हाइकांना लावायची लेबलं, सगळं त्यात फुकट आहे. लेबलं आपल्या कामाची ठेवा: ‘रोजचे’, ‘फक्त शनिवार-रविवार’, ‘फराळ’, ‘उधारी बाकी’.

ब्रॉडकास्ट यादीबाबत, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना सुटासुटा पाठवायच्या सोयीबाबत, एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. एका यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणजे शंभर जणांना पाठवलं आणि चाळिसांनाच मिळालं असं सहज होतं. त्यामुळे नंबर घेताना सांगायचं, ‘आमचा नंबर सेव्ह करा, रोजचा मेनू पाठवते. नको असेल तेव्हा नको म्हणा, बंद करते.’ विचारून मिळवलेली साठ माणसं कुठूनतरी विकत आणलेल्या दोन हजार नंबरांपेक्षा मोलाची. विकतच्या नंबरांवर निरोप टाकलात तर लोक रिपोर्ट करतात आणि तुमचाच नंबर बंद होतो.

मग पाठवायचं काय आणि कधी? पोळी-भाजीवाल्याने दुपारी साडेचार ते पाचच्या दरम्यान एकच निरोप टाकावा, लोक ऑफिसातून निघायच्या आधी: ‘आज: भरली वांगी, मुगाची उसळ, आमटी. सहानंतर तयार. साडेसातपर्यंत सांगितलंत तर बांधून ठेवते.’ बास. सुप्रभात नको, फुलं नकोत, सुविचार तर अजिबात नको. फोटो असेल तर तुमच्याच कढईचा असू द्या, इंटरनेटवरून उचललेला चकचकीत थाळीचा नको. जेवणाचा धंदा आहे म्हणून रोज निरोप चालतो. ब्लाउज शिवणाऱ्या ताईंनी महिन्यातून दोनदा पाठवला तरी पुष्कळ झालं. जे रोज पाठवावंसं वाटतं ते स्टेटसवर टाका, बघायचं तो बघेल.

सोसायटीच्या ग्रुपवर स्वतः जाहिरात टाकू नका. तुमच्या नियमित गिऱ्हाइकाला टाकायला सांगा, तेही ग्रुपच्या ॲडमिनला विचारून. आणि पहिल्या दिवशी त्या सोसायटीतून पंधरा ऑर्डरी आल्या तर त्या वेळेवर पोचतील एवढी माणसं हाताशी आहेत ना, हे आधी बघा. गेटवरचा वॉचमन, लिफ्ट बंद, विंग चुकली, यात पाऊण तास कसा जातो ते डबे पोचवणाऱ्यालाच ठाऊक.

पायरी पाचवी: कॅलेंडर उलटं वाचा

सणाला विक्री होते, पण ठरतं आधीच. दिवाळीचा फराळ परदेशी पाठवणाऱ्या घरांना तो निदान दोन-तीन आठवडे आधी हातात हवा असतो. त्यांना विचारायची वेळ नवरात्रातली, वसुबारसेची नव्हे. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात, आणि वाण घाऊक लागतं. छोट्या वस्तू करणाऱ्यांनी डिसेंबरातच नमुना आणि पंचवीस-पन्नास नगांचा भाव तयार ठेवावा. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की डब्याची चौकशी वाढते. पितृपक्षात नव्या खरेदीला लोक हात आखडता घेतात, मे महिन्यात निम्मी चाळ गावाला असते. त्या दिवसांत सूट देऊन डोकं आपटण्यापेक्षा पाटी रंगवून घ्या.

मंडळाच्या स्मरणिकेतली अर्ध्या पानाची जाहिरात ही वर्गणी समजून द्या, जाहिरातीच्या खात्यात धरू नका. हॉलमधल्या प्रदर्शनाचा स्टॉल वेगळा. दादर, पार्ले, मुलुंडला अशी प्रदर्शनं सतत भरतात, आणि तिथे चव देता येते. भाडं भरण्याआधी मागच्या वेळी स्टॉल लावलेल्या दोघांना फोन करा, आयोजक सांगतो त्या गर्दीवर विसंबू नका. खाद्यपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची नोंदणी हवी, अगदी घरगुती असलात तरी. तो १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापलेला असला की अनोळखी माणूसही निर्धास्त घेतो.

पायरी सहावी: आता पैसे

वर सांगितलेलं सगळं जागेवर असेल तरच इथे या. इन्स्टाग्राम-फेसबुकवर ‘बूस्ट’चं बटण दाबून मोकळं होऊ नका. जाहिरात कुठल्या भागात दिसावी ते स्वतः निवडा: ‘मुंबई’ नव्हे, दुकानावर पिन टाकून आजूबाजूचं लहानात लहान वर्तुळ. नकाशाला रूळ कळत नाहीत, त्यामुळे वर्तुळात पूर्वही येते आणि पश्चिमही. तेव्हा मजकुराच्या पहिल्या ओळीतच ‘भांडुप पश्चिम, स्टेशनपासून पाच मिनिटं’ लिहा. बटण व्हॉट्सॲपवर नेणारं ठेवा. वेबसाइट नसली तरी काही अडत नाही. खर्च धरताना १८ टक्के जीएसटी वेगळा मोजा. रीलला गाजलेलं सिनेमातलं गाणं लावू नका, धंद्याच्या जाहिरातीत त्याचे हक्क लागतात. तव्यावर पोळी फुगतानाचा आवाज पुरेसा आहे.

पेपरात पत्रक टाकायचं असेल तर विभागातल्या पेपर विक्रेत्याशी पहाटे बोला आणि फक्त आपल्या गल्ल्यांची लाइन, म्हणजे पेपर टाकायची फेरी, मागा. शनिवारी-रविवारी पेपरात पत्रकांची गर्दी असते, मधला वार घ्या. प्रत्येक वाटपाला वेगळी खूण ठेवा. एका लाइनला ‘हा कागद दाखवा, एक वाटी आमटी मोफत’, दुसऱ्या लाइनला सोलकढी. आमटी मागणारे किती आणि सोलकढी मागणारे किती, ते वहीत मांडा. ऑनलाइन जाहिरातीलाही असाच एखादा शब्द द्या.

पंधरा दिवस चालवा, रोजचा खर्च ठरवून. मग वही उघडून दर माणशी किती पडलं ते काढा, आणि महिन्याभराने त्यातले किती अजून येतायत ते पुन्हा बघा. आकडा मागच्या पानावरच्या हिशेबात बसत नसेल तर जाहिरात बंद करा, पोस्टला कितीही लाइक आलेले असोत.