प्रोसेसर बदलण्याआधी काय काय तपासून घ्यावं

कॉम्प्युटर रखडायला लागला की पहिला संशय प्रोसेसरवर जातो. खरा अडसर तोच आहे का, हे पैसे काढण्याआधी पाहून घ्या. त्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवा आणि रोजचं जे काम रखडतं नेमकं तेच लावा. किती वेळ लागला ते कागदावर लिहून ठेवा. तयार बेंचमार्कचे (वेग मोजणाऱ्या चाचण्यांचे) आकडे तुमच्या कामाबद्दल फारसं सांगत नाहीत.

काम चालू असताना विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, सीपीयूच्या (म्हणजे प्रोसेसरच्या) आलेखावर राइट क्लिक करा आणि 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडा, म्हणजे प्रत्येक थ्रेडचा (प्रोसेसर एका वेळी चालवू शकतो त्या प्रत्येक कामाच्या धाग्याचा) वेगळा चौकोन दिसेल. हे टाळू नका, कारण एकूण टक्केवारी फसवी असते. १२ थ्रेडच्या प्रोसेसरवर एकच थ्रेड पूर्ण भरला, तर एकूण वापर ८ टक्क्यांच्या आसपास दिसतो. मग वाटतं, प्रोसेसर तर रिकामाच बसलाय! प्रत्यक्षात एक चौकोन काठोकाठ भरलेला असतो, किंवा तो भार एका चौकोनातून दुसऱ्यात फिरत असतो. असं असेल तर जास्त कोर (प्रोसेसरमधले काम करणारे स्वतंत्र भाग) घेऊन उपयोग नाही, एका कोरचा वेग वाढायला हवा. सगळेच चौकोन भरत असतील, जसं व्हिडिओ एक्सपोर्टच्या वेळी बरेचदा होतं, तरच कोरांची संख्या कामी येते.

गेमसाठी वेगळी परीक्षा. रिझोल्यूशन ७२०पी पर्यंत उतरवा. सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम भराभर वाढल्या तर ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय, आणि तिथल्या तिथेच राहिल्या तर प्रोसेसर.

रॅमही बघून घ्या. एकच स्टिक असेल तर दुसरी लावून ड्युअल चॅनल करा, म्हणजे दोन्ही एकाच वेळी वापरल्या जातील. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, बंद राहिलं असेल तर ३२०० वेगाची डीडीआर४ रॅमही बरेचदा २१३३ वरच चालत राहते.

आणि धूळ. ती साचली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग उतरवतो. माझ्या मशीनवर एक्सपोर्ट सुरू झाला की प्रोसेसरचा वेग ४ गिगाहर्ट्झच्या जवळ असायचा आणि काही मिनिटांत ३ च्या खाली यायचा. पंखा काढला तर कूलरच्या पात्यांवर धुळीची अख्खी घोंगडी बसलेली. ती झाडली, प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट नवी लावली आणि वेग टिकला. नव्या प्रोसेसरचा विचार तिथेच थांबला.

इतकं करूनही प्रोसेसरच कमी पडतोय असं दिसलं, तर मदरबोर्डचं नेमकं मॉडेल लिहून घ्या आणि उत्पादकाची सपोर्ट यादी वाचा. नुसतं सॉकेटचं (बोर्डवरच्या प्रोसेसर बसण्याच्या जागेचं) नाव जुळणं पुरेसं नाही. इंटेलच्या सहाव्या ते नवव्या पिढीचं सॉकेट नावाला एकच, एलजीए११५१, पण आठवी पिढी १०० आणि २०० सिरीजच्या बोर्डांवर चालत नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटवाले नशीबवान. २०१७ पासूनच्या बऱ्याच बोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसतो, आणि त्याची ९६ एमबी एल३ कॅश (चिपमधलीच वेगवान मेमरी) अनेक गेममध्ये स्पष्ट जाणवते. त्यानंतरच्या एएम५ सॉकेटवर मात्र डीडीआर५ च चालते, म्हणजे बोर्ड आणि रॅमचाही हिशेब आला. माझं मत स्पष्ट आहे: त्याच बोर्डवर चिप बदलून भागत असेल तर जरूर बदला, सगळंच बदलावं लागत असेल तर काम खरोखर अडेपर्यंत थांबा. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका लागते, हे एक कारण मात्र या हिशेबात धरायलाच हवं.

बायोस अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून घ्या, कारण प्रोसेसर बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते. चिपच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर तिच्यात अंगचं ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड हवंच.

एएम४ चा कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं कामाला लावा, म्हणजे पेस्ट मऊ होईल. मग मशीन बंद करून वायर काढा आणि कूलर डावी-उजवीकडे हलके फिरवत सोडवा. सरळ वर ओढलात तर प्रोसेसर पेस्टला चिकटून सॉकेटमधून उपटला जातो आणि पिना वाकतात.

नवी चिप बसली की तेच काम पुन्हा लावा आणि कागदावरच्या जुन्या वेळेशेजारी नवी वेळ लिहा.