इंग्लिश शिकलेला घोडा वेस्टर्नकडे वळवताय? या चुका टाळा

पहिल्यांदा लगाम सैल सोडला तेव्हा माझी घोडी क्षणभर थबकली. एक कान मागे वळवला, मान वर केली आणि चार पावलांत दुडकी धरली. मी घाबरून लगाम ओढला, ती थांबली. पुन्हा सैल सोडला, पुन्हा पळाली. अर्धा तास हेच चाललं. उतरले तेव्हा तिच्या मानेवर घामाचा फेस आला होता आणि हिला हे जमणार नाही, असंच मला वाटत होतं.

खरं तर तिला सैल लगामाचा अर्थच ठाऊक नव्हता. इंग्लिश आणि वेस्टर्न या घोडेस्वारीच्या दोन पद्धती. इंग्लिश पद्धतीत स्वाराचा हात आणि घोड्याचं तोंड यांच्यात लगामातून सतत हलका ताण असतो. वेग, दिशा, तोल, सगळं त्याला त्या ताणातून कळतं. लगाम सैल होतो तो काम संपल्यावर मान मोकळी करायला, नाहीतर उडीवर हात पुढे जातो तेव्हा. वेस्टर्नमध्ये मात्र सैल लगाम म्हणजे ‘चाललंय तसंच चालू दे’. हा नवा अर्थ शिकवायला वेळ द्यावा लागतो. तो न देता पुढे गेलात, की खालच्या सगळ्या अडचणी एकामागून एक येतात.

एकाच दिवशी सगळं बदलणं

नवं खोगीर, नवं बिट (लगामाला जोडलेला, घोड्याच्या तोंडात बसणारा तुकडा), एका हातात लगाम, आणि स्वारही नव्या पद्धतीने बसलेला. एवढं सगळं एकदम बदललं आणि घोडा बिथरला, तर तो नेमका कशाने बिथरला हे कळायला मार्ग उरत नाही. आधी फक्त खोगीर बदला. लगाम, बिट, इशारे जुनेच ठेवा.

खोगीर बदलणंही साधं नाही. इंग्लिश खोगीर साधारण 5 ते 9 किलोचं, वेस्टर्न 12 ते 20 किलोचं. रिकिबींच्या रुंद चामडी पट्ट्या चालताना कुशीवर आपटतात, आणि तसा स्पर्श या घोड्याला कधी झालेला नसतो. म्हणून पाठीवर बसण्याआधी काही दिवस लांब दोरावर गोल फिरवा, दोन्ही दिशांना.

वेस्टर्न खोगिराला पोटाखालून बांधायचे बहुधा दोन पट्टे, म्हणजे तंग, असतात, एक पुढे आणि एक मागे. मागच्या तंगाची काळजी जास्त घ्या, कारण पोटाच्या मागच्या भागाला पट्टा लागला की शांत घोडासुद्धा उसळू शकतो. सुरुवातीला तो लावूच नका. लावाल तेव्हा पोटाला टेकेल इतपतच, आवळू नका. पण लोंबताही ठेवू नका, त्यात मागचा पाय अडकू शकतो. पुढच्या आणि मागच्या तंगाला जोडणारी छोटी पट्टी हवीच, नाहीतर मागचा तंग सरकत जांघेकडे जातो. बांधताना पुढचा तंग आधी, सोडताना मागचा आधी. हा क्रम चुकला आणि त्याच वेळी घोडा दचकला, तर खोगीर फक्त मागच्या तंगावर लटकून पोटाखाली जातं.

मापाचंही बघा. बरीच वेस्टर्न खोगिरं क्वार्टर हॉर्स या अमेरिकन जातीच्या घोड्याच्या रुंद, सपाट पाठीचा विचार करून घडवलेली असतात. खांद्याचा उंचवटा मोठा असलेल्या थरोब्रेड जातीच्या घोड्यावर ती पुढे खाली बसतात आणि त्या हाडावर टेकतात. उलट खोगीर अरुंद असेल, तर जाड पॅड घालून ते आणखीच आवळतं. राइड झाल्यावर पाठीवरचा घाम पाहा. सगळीकडे ओलं आणि मधेच कोरडा ठिपका असेल, तर तिथे दाब पडतोय असा संशय घ्या. त्या जागी पुढे पांढरे केस उगवले, तर इजा आधीच झालेली आहे.

घाईने कर्ब बिट घालणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. चित्रांतला वेस्टर्न घोडा लांब दांड्यांच्या बिटात, म्हणजे कर्बमध्ये, दिसतो, म्हणून लोक पहिल्याच आठवड्यात तसं बिट आणतात. स्नॅफल म्हणजे दांड्या नसलेलं बिट, त्यात तुमची ओढ तेवढीच पोचते. कर्बमध्ये दांडीचा खालचा भाग वरच्यापेक्षा तिप्पट लांब असेल, तर हनुवटीखालच्या पट्ट्यावर ती ओढ साधारण तिपटीने पोचते, शिवाय डोक्यामागेही दाब येतो. सतत ताण धरायची सवय असलेला हात आणि त्यावर झुकायची सवय असलेलं तोंड यांच्यामध्ये असं बिट आलं, की घोडा डोकं झटकतो, तोंड उघडतो किंवा हनुवटी छातीकडे ओढून बिटापासून पळ काढतो.

बिटाला मधे सांधा आहे म्हणून ते मऊ, असंही समजू नका. दांड्या असल्या की ते कर्बच.

तुमच्या घोड्याला ओळखीच्या स्नॅफलमध्येच राहू द्या. यात कमीपणा नाही. अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशनच्या वेस्टर्न स्पर्धांमध्येही पाच वर्षांपर्यंतच्या घोड्यांना स्नॅफल किंवा हॅकमोर (बिटाऐवजी नाकावर दाब देणारा साज) घालून दोन हातांनी चालवायची मुभा आहे. डबल ब्रायडल (स्नॅफल आणि कर्ब अशी दोन बिटं एकत्र) घेतलेल्या ड्रेसाजच्या, म्हणजे इंग्लिश पद्धतीतल्या शिस्तबद्ध चालींच्या, घोड्याला कर्ब ओळखीचा असतो, पण तोही ताणावरच, हे विसरू नका. घोडा सैल लगामावर वळतो, थांबतो, मागे सरतो, आणि तुम्हाला ओढायची गरजच पडत नाही, तेव्हा कर्बचा विचार करा. पट्टा आणि हनुवटी यांच्यात दोन बोटं आडवी जातील एवढी जागा ठेवा. डोकं झटकणं तरीही थांबत नसेल, तर आधी दात तपासून घ्या.

मानेवरून लगाम ओढणं

एका हाताने वळवायची पद्धत गुरं राखणाऱ्या स्वारांची, कारण दुसऱ्या हातात दोर असायचा. उजवीकडे वळायचं तर डावा लगाम मानेला टेकतो आणि घोडा त्या स्पर्शापासून दूर जातो. नवखा स्वार काय करतो? घोडा वळला नाही की हात मानेच्या पलीकडे नेत राहतो. मग डावा लगाम ताणला जातो, बिट डावीकडून ओढलं जातं आणि घोडा नाक डावीकडे करून उजवीकडे घसटत जातो. तुमच्या घोड्याचं नाक उलट्या दिशेला जात असेल, तर कारण हेच.

दोन्ही हातांत लगाम ठेवा. आधी बाहेरचा, म्हणजे वळणाच्या उलट बाजूचा, लगाम मानेवर टेकवा. उत्तर नाही आलं तर बाहेरचा पाय लावा, आणि त्यानंतरच आतला लगाम हलकाच मानेपासून बाजूला न्या. क्रम हाच ठेवा, नवा इशारा आधी आणि ओळखीचा नंतर. काही दिवसांत घोडा मानेवरच्या स्पर्शाला लगेच ओळखीचा इशारा जोडलेला आहे हे हेरतो आणि आधीच वळतो. माझ्या घोडीने हे पहिल्यांदा केलं तेव्हा लगाम मानेला टेकला न टेकला, तेवढ्यात तिचा आतला कान वळणाकडे गेला होता.

वेग ओढून कमी करणं

जॉग म्हणजे हळू दुडकी आणि लोप म्हणजे हळू कँटर (दुडकीपुढची, तीन ठोक्यांची चाल), हे खरं. पण लगाम धरून ठेवून वेग उतरवला, तर मागचे पाय पोटाखाली येत नाहीत, पावलं तुटतात आणि तीन ठोक्यांचा लोप चार ठोक्यांचा होतो. सैल लगामावर घोडा सुटायला लागला, की दोन्ही लगाम एकदम आवळू नका. आतला एकच लगाम घ्या, लहान वर्तुळात वळवा, श्वास सोडून कंबर जड करा. वेग उतरला की त्याच क्षणी लगाम पुन्हा सैल. ही सुटका उशिरा दिलीत, तर घोडा नेमकी चुकीची गोष्ट शिकतो. माझ्या त्या पहिल्या अर्ध्या तासात मी सुटका दिलीच नव्हती, घाबरून धरून ठेवलं होतं.

डोकं खाली बांधून ठेवण्याचा मोह तर पूर्ण सोडा. कानाचं टोक खांद्याच्या उंचवट्याखाली राहणं क्वार्टर हॉर्सच्या स्पर्धांमध्येही दोष धरतात. पाठ सैल झाली की मान आपोआप उतरते.

पाय चिकटवून ठेवणं

इंग्लिश स्वाराचा पाय कुशीला लागलेला असतो. इथे इशारा द्या आणि पाय काढून घ्या, नाहीतर घोडा एकतर बधिर होतो, नाहीतर पळतो. रिकीब लांब केली की पाय पुढे जाऊन खुर्चीत बसल्यासारखी मांड होते, तीही टाळा. कान, खांदा, कंबर आणि टाच एका रेषेत, हे दोन्ही पद्धतींत सारखंच आहे.

वेस्टर्नमधला मागच्या पायांवर सरकत थांबण्याचा प्रयोग साध्या नालांवर करू नका. त्यासाठी मागच्या पायांना रुंद, गुळगुळीत नाल असतात आणि जमीनही तशीच तयार केलेली लागते.

दोन्ही पद्धती चालू ठेवायच्या असतील, तर घोड्याला त्या वेगळ्या ओळखता येऊ द्या. इंग्लिश खोगिराच्या दिवशी ताण धरा, वेस्टर्नच्या दिवशी सोडा, एकाच राइडमध्ये मिसळू नका. माझी घोडी आता पाठीवर कोणतं खोगीर चढतंय त्यावरूनच ओळखते. जड खोगीर असलं की रिंगणात पाऊल टाकायच्या आधीच मान खाली सोडते.