रेस्टॉरंट कंपनीचा शेअर घेताय? नुसता पीई बघू नका

पीई म्हणजे शेअरचा भाव भागिले ईपीएस (एका शेअरमागे झालेला नफा), एवढं सगळ्यांना माहितीये, पण रेस्टॉरंट कंपन्यांत खरी गोम भाड्यात असते. 1 एप्रिल 2019 पासून इंड एएस 116 हे लीजच्या हिशोबाचं अकाउंटिंग स्टँडर्ड लागू झालं आणि लांब मुदतीच्या लीजचं ठरलेलं भाडं आता घसारा आणि व्याज बनून येतं, त्यात सुरुवातीच्या वर्षांत व्याज जास्त बसतं, म्हणून जी कंपनी लोअर परळ, ठाणे, वाशी असं धडाधड आऊटलेट उघडतेय तिचा नफा दबलेला दिसतो आणि पीई फुगतो. समजा भाव 600, ईपीएस 5, म्हणजे पीई 120. नव्या दुकानांचा भार वगळून ईपीएस 10 निघत असेल तर तोच पीई 60 होतो! हे गणित घरी कागदावर मांडाच.

एबिटडाचं (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) उलटं, भाडं त्यातून बाहेर गेल्यामुळे तो उगाच चांगला दिसतो, म्हणून इन्व्हेस्टर प्रेझेंटेशनमध्ये 'प्री इंड एएस' वाला, म्हणजे भाडं वजा केलेला आकडा शोधा, बऱ्याच कंपन्या देतात.

तोटा असेल तर पीई निघतच नाही, तिथे मार्केट कॅप (सगळ्या शेअर्सची मिळून बाजारातली किंमत) भागिले विक्री बघा. आणि प्लीज एका तिमाहीच्या ईपीएसला चारने गुणू नका, श्रावणात चिकन विकणाऱ्यांचा धंदा बसतो, मागच्या चार तिमाह्यांची बेरीजच घ्या. सोबत जुन्या दुकानांची विक्री वाढतेय का तेही तपासा, माझ्या मते पीईच्या आधी हेच बघावं.