डिजिटल घड्याळातल्या अंकांचा फॉन्ट वापरताना या चुका टाळा

सात सरळ पट्ट्यांचे अंक दिसले की कॅल्क्युलेटर किंवा उशाशी ठेवलेले गजराचे घड्याळ आठवते, आणि म्हणूनच एखाद्या पोस्टरला, गेमला किंवा टायमरला सत्तरच्या दशकाचा बाज द्यायचा असला की हा फॉन्ट हमखास निवडला जातो. मात्र हे वळण कोणा सुलेखनकाराच्या हातून उतरलेले नाही. ठरावीक पट्ट्या उजळून आणि विझवून आकडा दाखवणाऱ्या यंत्राच्या मर्यादेतून ते घडले आहे. ती मर्यादा विसरली की रचना खोटी वाटू लागते. खालील बहुतेक चुकांचे मूळ तेथेच आहे.

पूर्ण मजकूर याच फॉन्टमध्ये लिहिणे

सात पट्ट्यांच्या उघड-मिटीतून १२८ आकृत्या तयार होतात, पण त्यांतून रोमन लिपीतील के, एम, व्ही, डब्ल्यू आणि एक्स ही अक्षरे नीट साकारत नाहीत. पाचचा अंक आणि एस एकसारखे दिसतात, तसेच दोनचा अंक आणि झेडही. मोठ्या लिपीतला बी आठमध्ये आणि डी शून्यात मिसळून जाऊ नये म्हणून ती दोन अक्षरे लहान लिपीत दाखवावी लागतात. अक्षरे आवश्यकच असतील तर १४ किंवा १६ पट्ट्यांचा फॉन्ट निवडावा, कारण त्यात तिरप्या पट्ट्याही असतात. माझ्या मते तोही दोन-तीन शब्दांपुरताच शोभतो. परिच्छेदासाठी साधा, वाचनीय फॉन्टच हवा.

वेळ बदलताना आकडे सरकणे

टायमर सुरू झाला की सगळी ओळ डावी-उजवीकडे हलते, ही नेहमीची तक्रार आहे. प्रत्यक्ष उपकरणात प्रत्येक अंकाला सारख्या रुंदीचे घर असते आणि एकचा अंक त्या घराच्या उजव्या कडेच्या दोन पट्ट्यांनी उजळतो, त्यामुळे त्याच्या डावीकडे मोकळी जागा राहते. काही फॉन्टमध्ये मात्र ही जागा ‘दुरुस्त’ करून एकचा अंक अरुंद केलेला असतो, आणि तेथेच गडबड होते. समान रुंदीची आवृत्ती उपलब्ध असेल तर ती घ्यावी. नसेल तर प्रत्येक अंक निश्चित रुंदीच्या स्वतंत्र चौकटीत उजवीकडे टेकवून ठेवावा. तास आणि मिनिटे यांमधली दोन टिंबे लुकलुकवताना ती काढून टाकू नयेत, केवळ अदृश्य करावीत, म्हणजे त्यांची जागा कायम राहते. रिकाम्या घरासाठी साधी मोकळी जागा टाइप केल्यास तिची रुंदी अंकाएवढी असेलच असे नाही; डीसेग या फॉन्टमध्ये त्यासाठी उद्गारचिन्हाची कळ वापरतात.

विझलेल्या पट्ट्यांचा पुसटसा आभास देण्यासाठी मागे फिकट आठ ठेवण्याची युक्ती उत्तम आहे, परंतु दोन्ही थरांचा फॉन्ट, आकार आणि अक्षरांतर तंतोतंत सारखे नसेल तर पट्ट्या एकमेकींवर बसत नाहीत. बारा तासांच्या अनेक घड्याळांत तासाच्या दशकस्थानी पूर्ण आठ नसतोच, केवळ एक दाखवण्यापुरत्या दोन पट्ट्या असतात. एवढा बारकावा पाळला तरी चित्र एकदम खरे वाटू लागते.

काळ आणि प्रकाश यांची सरमिसळ

१९७२ मध्ये विक्रीस आलेल्या पल्सर या मनगटी घड्याळाचे अंक लाल एलईडीचे होते आणि ते बटण दाबल्यावरच दिसत. झगझगीत निळा एलईडी १९९०च्या दशकात आला, त्यामुळे सत्तरच्या दशकातील म्हणून दाखवलेल्या घड्याळावर गडद निळे एलईडी अंक विसंगत ठरतात. निळसर हिरवा उजेड हवा असेल तर त्या काळच्या व्हीएफडी नळ्यांचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळीत चमकणाऱ्या अंकांचा, आधार घेता येतो. एलसीडीची गोष्ट निराळी आहे: तिच्या पट्ट्या स्वतः प्रकाश देत नाहीत, राखाडी-हिरवट पृष्ठभागावर त्या काळ्या दिसतात. त्यामुळे त्यांच्याभोवती तेजोवलय काढणे ही सरळ चूक आहे. त्याऐवजी पट्ट्यांची किंचित सरकलेली सावली द्यावी.

लहान आकार आणि कृत्रिम जाडी

आठ आणि सहा, आठ आणि शून्य, एक आणि सात यांच्यात केवळ एका पट्टीचा फरक असतो. आकार फार लहान ठेवला, कागदावर शाई पसरली किंवा सॉफ्टवेअरकडून अक्षरे बळेच ठळक करून घेतली, तर पट्ट्यांमधल्या फटी बुजतात आणि आकड्याची ओळखच पुसट होते. तिरपे वळण हवे असल्यास फॉन्टमधील मूळ तिरपी आवृत्ती वापरावी. स्टिकर कापून घेताना एका आठचे सात सुटे तुकडे होतात, हेही आधी लक्षात घ्यावे.

देवनागरी अंक टाइप केल्यावर वळण अचानक बदलत असेल, तर त्या फॉन्टमध्ये ती चिन्हेच नाहीत आणि सॉफ्टवेअरने परस्पर दुसरा फॉन्ट लावला आहे, असे समजावे. देवनागरीची गोलाई सात सरळ पट्ट्यांत मावत नाही. तिच्यासाठी ठिपक्यांच्या जाळीवर आधारलेला फॉन्ट अधिक योग्य ठरतो.