जुने झाड, जुने घर आणि स्पॅनिश विशेषणांचे लिंग

स्पॅनिश नाम पाठ करायचे ते 'एल' (पुल्लिंगी) किंवा 'ला' (स्त्रीलिंगी) या उपपदासकट. मराठी लिंगावरून अंदाज बांधू नये, कारण स्पॅनिश नामांना नपुंसकलिंग नाही. आपल्या अंगणातले जुने झाड 'आर्बोल विएहो' असे पुल्लिंगी होते, तर त्याच अंगणातले जुने घर 'कासा विएहा' असे स्त्रीलिंगी. वरुड-मोर्शीकडे आपण 'संत्रा' पुल्लिंगी बोलतो, पण 'ला नरान्हा' स्त्रीलिंगी आहे. मूळ संस्कृत 'नारङ्ग', तिथून फारसी आणि अरबीमार्गे तो शब्द स्पेनला पोचला.

विशेषण बहुधा नामामागून येते, आणि ते बदलण्याची सवय आपल्या जिभेला आधीच आहे. काळा बैल, काळी माती म्हणणाऱ्याला 'नेग्रो' आणि 'नेग्रा' यांत नवे काही वाटू नये. अडचण न बदलणाऱ्या विशेषणांची असते. पहिल्या संत्र्याचे वर्णन करताना मी स्त्रीलिंगी नाम पाहून 'दुल्सा' असे लिहिले होते. शब्द 'दुल्से' असाच राहतो. मराठीतला 'गोड'ही संत्र्यापुढे आणि बोरापुढे तसाच राहतो, हे तेव्हा आठवले असते तर चूक टळली असती. 'ए'कारान्त विशेषणे लिंगानुसार बदलत नाहीत, एवढे ध्यानात ठेवावे. अनेकवचनाचा 'स' मात्र त्यांनाही लागतो.

उपमा देताना विशेषण उपमेयाच्या लिंगाप्रमाणे चालते. आजोबांची दाढी फुटलेल्या कापसासारखी पांढरी आहे, हे सांगायचे असेल तर 'ला बार्बा देल आबुएलो एस ब्लांका कोमो एल आल्गोदोन' असे लिहावे. आजोबा पुल्लिंगी, कापूसही पुल्लिंगी, तरी पांढरी झाली ती दाढी, म्हणून 'ब्लांका'. आपले 'सारखा, सारखी' मात्र तिथे सोडून द्यावे, कारण 'कोमो' कधीच बदलत नाही.

रूपकात याच्या उलट घडते. जिवाभावाच्या जोडीदाराला स्पॅनिशमध्ये 'मेदिया नरान्हा', म्हणजे अर्धे संत्रे, म्हणतात. जोडीदार पुरुष असला तरी संत्रे स्त्रीलिंगी असल्याने 'मेदिया'च राहते. लेकीला आपण गळ्यातला ताईत म्हणतो, 'गळ्यातली' म्हणत नाही, तोच हा न्याय.

जागा बदलली की अर्थही लाक्षणिक होतो, आणि हे मराठीत नसल्याने इथे सावकाश जावे. 'काम्पेसिनो पोब्रे' म्हणजे पैशाने गरीब शेतकरी, तर 'पोब्रे काम्पेसिनो' म्हणजे बिचारा शेतकरी, मग त्याच्याकडे पैसा असो वा नसो. कापसाचा भाव पडलेल्या एका वर्षाविषयी सरावाचा उतारा लिहिताना मला दोन्ही वापरावे लागले.