कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमचा इतिहास लिहायचाय? 1982 च्या मागे जा
अमेरिकेतल्या एखाद्या युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या टीमचा इतिहास लिहायला बसलं की आधी एनसीएएची (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना) रेकॉर्ड्स उघडली जातात आणि तिथेच गोची होते, कारण त्यांची मुलींची पहिली टूर्नामेंटच 1982 ची, फायनलला लुइझियाना टेकने चेनी स्टेटला 76-62 हरवलं ती. मग त्याआधी मुली काय नुसत्या बसून होत्या का? स्मिथ या मुलींच्या कॉलेजात सेंडा बेरेन्सन या पीटीच्या शिक्षिकेने 1893 लाच मॅच लावली होती, आणि 1896 ला स्टॅनफर्डने बर्कलीला हरवलं, स्कोअर माहितीये किती? 2-1!

तर सुरुवात जुन्या इयरबुकपासून (कॉलेजचं दरवर्षीचं फोटोंचं पुस्तक) करा. टीमचा ग्रुप फोटो सापडला की मधल्या मुलीच्या हातातला बॉल झूम करून बघा, त्यावर '02' वगैरे रंगवलेलं असतं. लगेच '1902 ची मॅच' असं लिहून मोकळे होऊ नका, तो बहुतेक वेळा बॅचचा, म्हणजे पास होण्याच्या वर्षाचा आकडा असतो, आणि ती टीम कॉलेजची नसून एका वर्गाचीच असते.

नावांची यादी करताना लग्नाआधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही आडनावं लिहा, नाहीतर एकीच्याच दोघी होतात. मधे काही वर्षं एकही मॅच दिसत नसेल तर 'प्ले डे' असं शोधा, त्यात वेगवेगळ्या कॉलेजच्या मुली मिसळून टीम पाडायचे, म्हणजे जिंकलं कोण हा प्रश्नच नको (मला तर हे वाचून हसूच आलं). आणि जुनी एखादी गार्ड (म्हणजे बचाव करणारी) सीझनभर शून्य पॉइंटवर दिसली तर तिला नावं ठेवू नका, तेव्हा सहा-सहा जणींचा खेळ होता आणि गार्डने आपला अर्धा कोर्ट सोडायचाच नाही, मग बास्केट टाकणार कुठून. पाच जणींचा फुल कोर्ट 1971 ला आला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 1982 च्या आधीची दहा वर्षं एआयएडब्ल्यूची (तेव्हा कॉलेजच्या मुलींच्या स्पर्धा घेणारी संघटना), तो डेटा वेगळ्या कॉलममध्ये ठेवा पण टाकून देऊ नका. कॅन्सस युनिव्हर्सिटीच्या लिनेट वुडर्डचे 3649 पॉइंट्स एआयएडब्ल्यूच्या काळातले, ते एनसीएएच्या यादीत नव्हतेच, म्हणून 2024 ला आयोवाच्या केटलिन क्लार्कने एनसीएएचा तोवरचा 3527 चा आकडा ओलांडला तेव्हाच सगळीकडे 'नवा विक्रम' झाला, वुडर्डला तिने गाठलं ते त्यानंतर. तुमच्या टीमचीही अशी एखादी असेल, बघा.

शेवटी जुन्या खेळाडूंना फोन करा आणि स्कोअरच्या आधी पैशांचं विचारा. इमॅक्युलाटा कॉलेजच्या मुलींनी 1972 च्या नॅशनल्सला जायला टूथब्रश विकले होते, तरी अकरापैकी आठच जणी जाऊ शकल्या, आणि त्याच जिंकून आल्या! असलं काही स्कोअरशीटवर नसतं, तेव्हा परवानगी घेऊन कॉल रेकॉर्ड करा.